हिरवळीचे सपाटीकरण

हिरवळीचे सपाटीकरण म्हणजे गवताने आच्छादलेल्या जमिनीवरील उंचवटे, खळगे व चढउतार दूर करून तिला एकसारखा, परंतु पावसाचे पाणी वाहून जाईल इतका उतार असलेला पृष्ठभाग देण्याची प्रक्रिया होय. बोलण्यात हिला ‘लॉन लेव्हल करणे’ असे म्हणतात. उद्यानविद्येतील हे काम जगभर केले जात असले, तरी त्याची पद्धत स्थानिक माती व पर्जन्यमानानुसार बरीच बदलते. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत ते विशेष अडचणीचे ठरते. या भागात शेतघरे, विश्रामगृहे आणि समारंभांची मैदाने यांभोवती हिरवळी मोठ्या प्रमाणावर केल्या गेल्या आहेत व त्यांतील पुष्कळशा पूर्वीच्या भातखाचरांवर आहेत. खाचर पाणी धरून ठेवण्यासाठी घडवलेले असते, तर हिरवळीला पाणी साचलेले चालत नाही. या विरोधातूनच येथील बहुतेक अडचणी उद्भवतात.

भूमी व हवामान

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, बोरघाटाखाली वसलेले आहेत. कर्जतमधून उल्हास नदी वाहते, तर खालापूरमधून पाताळगंगा. दोन्ही तालुक्यांत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणे येथे असाधारण नाही. एक गुंठा जमिनीवर एवढा पाऊस पडला, तर तिच्यावर सुमारे १०,००० लिटर पाणी उतरते. उलट डिसेंबरपासून मेपर्यंत पाऊस जवळपास नसतो. समुद्रापासून आत असल्याने अलिबाग किंवा मुरूडच्या तुलनेत येथील उन्हाळा अधिक कडक असतो.

जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. डोंगरउतारावर ती उथळ व मुरमाड, तर नदीखोऱ्यांत खोल व चिकण आढळते. खोऱ्यातील चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. भातकापणीनंतर खाचरांत पडणाऱ्या भेगा याच गुणधर्मामुळे दिसतात. हिरवळीखालची मातीही दरवर्षी याच चक्रातून जाते, त्यामुळे एकदा सपाट केलेली जमीन कायमची सपाट राहील अशी अपेक्षा येथे धरता येत नाही.

पारंपरिक पूर्वपीठिका

हिरवळ ही या भागात अलीकडची गोष्ट असली, तरी जमीन सपाट करण्याचे ज्ञान जुने आहे. त्याचे दोन प्रकार होते व दोहोंचा हेतू वेगवेगळा होता.

पहिला प्रकार भातखाचराचा. लावणीपूर्वी खाचरात पाणी भरून नांगराने चिखलणी केली जाते आणि मग बैलांमागे आडवी फळी बांधून ती चिखलावरून फिरवली जाते. वजन पडावे म्हणून फळीवर माणूस उभा राहतो. फळी उंचवट्यावरचा गाळ ओढून खळग्यात नेऊन टाकते. खाचरात उभे ठेवायचे पाणी जेमतेम पाच-सात सेंटिमीटर खोल असते. त्यामुळे तेवढ्याच उंचीचा एखादा उंचवटा राहिला तर तो पाण्याबाहेर पडून तणाने भरतो आणि तेवढाच खोल खळगा राहिला तर त्यातील रोपे बुडून कुजतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने सपाटी हा शोभेचा प्रश्न नसून उत्पन्नाचा प्रश्न आहे. कोरड्या जमिनीवर अधिक माती हलवायची असल्यास बैलांनी ओढण्याची केणी वापरली जाई. आता तिची जागा ट्रॅक्टरला जोडलेल्या पात्याने आणि यंत्रांनी घेतली आहे.

दुसरा प्रकार अंगणाचा आणि खळ्याचा. पावसाळ्यात उखडलेले अंगण कोकणात पाऊस सरल्यावर नव्याने ‘केले’ जाते. जुना पृष्ठभाग खणून मोकळा करणे, ढेकळे फोडणे, नवी माती पसरणे, पाणी शिंपडून ती मुरू देणे, लाकडी चोपण्याने चोपणे आणि शेवटी शेणाने सारवणे असा त्याचा क्रम असतो. अंगणाला घरापासून बाहेरच्या दिशेने किंचित उतार ठेवला जातो. हिरवळीच्या सपाटीकरणाशी खरे साम्य आहे ते या अंगणाचे. गंमत अशी की, हिरवळ मात्र बहुधा खाचरावर केली जाते.

कर्जत येथे १९१९ मध्ये भात संशोधन केंद्र स्थापन झाले. ते आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे व ‘कर्जत ३’, ‘कर्जत १८४’ यांसारखे भाताचे वाण तेथून प्रसारित झाले आहेत. याच तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र विकसित केले. त्यात चिखलणी टाळून कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकला जातो व पिकाची मुळे जमिनीतच राहू दिली जातात. चिखलणीमुळे मातीची घडण मोडते, हे या पद्धतीमागील एक प्रमुख गृहीतक आहे. जुन्या खाचरावर हिरवळ करणाऱ्यालाही नेमक्या याच मोडलेल्या घडणीला तोंड द्यावे लागते.

असमानतेची कारणे

वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या खाचरात साधारणपणे १५ ते २० सेंटिमीटर खोलीवर एक दाबलेला, पाणी सहजी न झिरपू देणारा थर तयार झालेला असतो. भाताला तो उपकारक ठरतो. हिरवळीखाली मात्र तोच थर पावसाचे पाणी अडवतो, वरची माती लिबलिबीत होते आणि तिच्यावरून माणूस, गाय किंवा गवतकापणी यंत्र गेले की ठसे उमटतात. पाऊस ओसरल्यावर ते ठसे तसेच वाळतात. पावसाळ्यानंतर खडबडीत झालेल्या अनेक हिरवळींचे मूळ कारण एवढेच असते.

दुसरे कारण जुन्या बांधांचे. उतारावरील खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी असतात. सलग हिरवळीसाठी बांध मोडून वरच्या पायरीची माती खालच्या पायरीवर ओढली जाते. बांधाची जागा अनेक वर्षांच्या दाबाने घट्ट झालेली असते, तर भरावाची माती सैल असते. एक-दोन पावसाळ्यांत भराव खचतो, बांधाची रेषा लांबट उंचवट्याच्या रूपाने पुन्हा वर दिसू लागते आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी साचते. गवताखाली गाडलेले जुने शेत असे हिरवळीवर पुन्हा उमटते. पाण्याचे नळ किंवा विजेच्या तारा टाकण्यासाठी खणलेले चर नीट न दाबता बुजवले असल्यासही असेच पट्टे खचतात. काढलेल्या झाडाचे बुंधे जमिनीत राहिल्यास ते कुजून काही वर्षांनी गोल खड्डे पडतात.

प्राण्यांचा वाटाही मोठा आहे. शेतातील खेकडे, ज्यांना स्थानिक बोलीत मुठे म्हणतात, ते ओलसर जागी बिळे करतात. उंदीर व घुशी भुयारे पोखरतात आणि त्यांची छते पावसात कोसळतात. वाळवी आणि मुंग्या माती वर आणतात. गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग पृष्ठभाग खडबडीत करतात, परंतु गांडुळे जमीन पोकळ ठेवत असल्याने त्यांना मारणे अविचाराचे ठरते. वाळलेले ढीग दंताळ्याने पसरणे पुरेसे असते. जंगलालगतच्या जागी रानडुकरे कंदमुळे व अळ्यांच्या शोधात एका रात्रीत गवत उलटेपालटे करतात. हुमणीच्या अळ्यांनी मुळे खाल्लेले गवत तर गालिच्यासारखे हातात येते. अशा ठिकाणी आधी किडीचा बंदोबस्त व मग सपाटीकरण हाच क्रम योग्य आहे.

पाहणी व मोजणी

हिरवळ पूर्णतः क्षैतिज करणे हे उद्दिष्ट नसते. इमारतीपासून दूर जाणारा १०० मीटरला १ ते २ मीटर इतका उतार सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो. म्हणजे २० मीटर लांबीच्या हिरवळीच्या दोन टोकांत किमान २० सेंटिमीटरचा फरक हवा. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, त्यामुळे केवळ नजरेने सपाट केलेल्या जागा पुष्कळदा उलट उताराच्या निघतात आणि पाणी घराच्या जोत्याकडे येते.

मोजणीसाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोरी आणि खुंट्या पुरतात. खुंट्या दोन-तीन मीटरच्या चौकटीत रोवून प्रत्येकीवर समान पातळीची खूण केली जाते व तेथून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले जाते. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास सर्व मापे चुकतात. याहून सोपी आणि बहुधा अधिक विश्वसनीय पाहणी पाऊसच करून देतो. जोराची सर थांबल्यावर अर्ध्या तासाने जेथे पाणी उभे असेल, त्या डबक्यांच्या कडांना खुंट्या रोवून ठेवाव्यात आणि उघडीप मिळाल्यावर त्यांवरून पांढऱ्या फक्कीने रेषा आखाव्यात. पुढील दुरुस्तीचा नकाशा त्यातून तयार होतो.

पद्धती

उथळ खळग्यांसाठी वरून मातीचा थर देण्याची पद्धत वापरतात. गवत नेहमीपेक्षा आखूड कापून, मेलेल्या काड्यांचा थर दंताळ्याने ओढून काढला जातो. त्यानंतर चाळलेल्या मातीचे मिश्रण पसरून ते फळीने किंवा दंताळ्याच्या पाठीने गवतात घोळवले जाते. एका वेळचा थर एक ते दीड सेंटिमीटरहून जाड नसावा व पसरल्यानंतर गवताची टोके वर दिसत राहावीत. पाने पूर्ण झाकली गेल्यास उजेडाअभावी गवत पिवळे पडून मरते. तीन सेंटिमीटर खोल खळगा म्हणूनच एका दिवसात भरायचा नसतो. गवत नव्या मातीतून वर आल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी, दुसरा थर दिला जातो. घाई केल्याने वाया गेलेल्या हिरवळी या पद्धतीत सर्वाधिक आढळतात. वाळूचे थर देण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या गोल्फ मैदानांवर रूढ झाली आणि तिच्याशी ओल्ड टॉम मॉरिस यांचे नाव जोडले जाते.

मिश्रणाबाबत एक गैरसमज व्यापक आहे. चिकणमातीत थोडी वाळू घातली की ती मोकळी होते, असे समजले जाते. प्रत्यक्षात वाळूचे प्रमाण अपुरे असल्यास मिश्रण वाळल्यावर विटेसारखे घट्ट होते. तसेच चिकणमातीवर निव्वळ वाळूचा जाड थर दिल्यास दोहोंच्या सीमेवर पाणी अडते व मुळे वरच्याच थरात राहतात. वरची माती खालच्या मातीशी मिळतीजुळती असणे, हा यातील मुख्य नियम. दोन भाग चाळलेली स्थानिक माती, एक भाग भरड वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण खोऱ्यातील बहुतेक जागी चालते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते. खडीच्या कारखान्यातील बारीक कच स्वस्त मिळते म्हणून वापरली जाते, परंतु ती पाण्याने बसून कडक होते. खाचरातील माती न चाळता आणल्यास तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि मग हिरवळीवर वर्षानुवर्षे लव्हाळाच खुरपत बसावे लागते.

खळगा पाच सेंटिमीटरहून खोल असेल किंवा उंचवटा काढायचा असेल, तर गवत उचलून दुरुस्ती करतात. धारदार फावड्याने गवतावर दोन समांतर छेद व त्यांच्या मध्यातून जोडणारा एक आडवा छेद दिला जातो आणि मुळांसह सुमारे चार-पाच सेंटिमीटर जाडीचे गवत खिडकीच्या दोन दारांसारखे दोन्ही बाजूंना उलटले जाते. खालची माती सैल करून ती आवश्यकतेप्रमाणे काढली किंवा भरली जाते, पायाने किंवा धुमसाने हलकेच दाबली जाते आणि गवत पुन्हा बसवले जाते. भरलेली जागा सभोवारपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच ठेवतात, कारण ती पुढे बसते. सांध्यांत चाळलेली माती भरून दोन-तीन आठवडे रोज पाणी दिले जाते. हरळीसारखी जमिनीलगत धावणारी गवते ही दुरुस्ती लवकर स्वीकारतात. हरळी म्हणजेच दूर्वा या भागात बांधांवर आपोआप वाढते व रोपवाटिकेतील शोभेच्या गवतांपेक्षा येथील पाऊस आणि ऊन दोन्ही अधिक चांगले सोसते. झोयसिया जातीचे दाट गवत दिसायला रेखीव असले, तरी ते सावकाश वाढते व त्याच्या दुरुस्तीला त्याच मानाने अधिक वेळ लागतो.

निम्म्याहून अधिक जागा खराब असल्यास किंवा उतारच उलटा असल्यास वरवरच्या उपायांनी काहीही साधत नाही. गवत काढून जमीन नव्याने घडवावी लागते. प्रथम वरची सुपीक माती १५ सेंटिमीटरपर्यंत खरवडून बाजूला ठेवली जाते, मग खालच्या जमिनीला उतार दिला जातो, चिखलणीचा दाबलेला थर खोल नांगरटीने किंवा पहारीने फोडला जातो आणि शेवटी सुपीक माती परत पसरली जाते. यंत्राने काम करताना हा क्रम बहुधा उलटतो. सुपीक माती भरावाच्या तळाशी जाते, मुरूम वर येतो व त्यावर गवत धरत नाही. जुने बांध पूर्ण मोडण्याऐवजी खाचरांच्या पायऱ्या तशाच ठेवून प्रत्येक पायरीला स्वतंत्र सौम्य उतार देणे स्वस्त पडते, त्यात माती कमी हलते आणि पाण्याच्या जुन्या वाटाही टिकतात.

असमान जमीन रूळ फिरवून सपाट होते, ही समजूत चिकणमातीच्या बाबतीत घातक आहे. क्रिकेटची खेळपट्टी मुद्दाम कठीण करायची असल्याने तिच्यावर जड रूळ चालवला जातो. हिरवळीवर तो चालवल्यास उंचवटे फारसे बसत नाहीत, मात्र मातीतील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी अधिक साचते. नुकत्याच बसवलेल्या गवताची मुळे मातीला टेकावीत म्हणून हलका रूळ एकदा फिरवण्यापुरताच त्याचा उपयोग मर्यादित असावा. घट्ट झालेल्या हिरवळीवर काटेरी पहारीने आठ-दहा सेंटिमीटर खोल छिद्रे पाडून त्यांत भरड वाळू भरणे हा त्यावरचा उतारा आहे.

मातीचा हिशेब

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर एक सेंटिमीटरचा थर द्यायचा तर एक घनमीटरहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ३६ घनफूट मिश्रण लागते. बांधकामाचे साहित्य ब्रासने विकले जाते व एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. या हिशेबाने एका गुंठ्याला एका थरासाठी एक तृतीयांश ब्रासहून थोडे अधिक आणि दहा गुंठ्यांच्या हिरवळीला तीन थरांसाठी जवळपास ११ ब्रास साहित्य लागते. सैल माती बसत असल्याने प्रत्यक्षात याहून काहीसे जास्त लागते. म्हणूनच मोठ्या हिरवळींवर सरसकट थर न देता फक्कीने आखलेल्या जागाच भरणे शहाणपणाचे असते.

हंगाम

सपाटीकरणासाठी दोन काळ अनुकूल असतात. पाऊस ओसरल्यानंतरचे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे दिवस पहिले. तेव्हा जमिनीत ओल असते, ऊब असते आणि डबक्यांच्या खुणा ताज्या असतात. दुसरा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा, परंतु त्यात पाणी अधिक लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गवताची वाढ मंदावते, त्यामुळे थर झाकला जात नाही. मेअखेरीस टाकलेली सैल माती जूनच्या पहिल्या मोठ्या सरींत ओढ्याला जाते. खोल भराव मात्र पावसाळ्यापूर्वी पुरेसा आधी करून, दाबून, त्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा आणि अंतिम सपाटी त्यानंतरच करावी.

पाणी, शेजार व कायदा

हिरवळीची पातळी बदलली की पाण्याची वाट बदलते. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात बांधातील ठरावीक जागेतून पाणी उतरवण्याची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. मधल्या शेताची हिरवळ झाली, तेथे भराव पडला किंवा कुंपणाची भिंत आली, तर वरच्या शेतकऱ्याचे शेत तुंबते आणि खालच्याचे कोरडे पडते वा एकाच ठिकाणी लोंढा येऊन त्याचा बांध फुटतो. शेतजमिनीवरील पृष्ठजलाच्या नैसर्गिक प्रवाहाला बेकायदा अडथळा झाल्यास तो दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदारास आहे. नुकसान मात्र लावणीच्या आठवड्यातच होऊन जाते, निकालासाठी ते थांबत नाही.

माती बाहेरून आणणे किंवा बाहेर नेणे हाही कायद्याचा विषय आहे. भराव वा सपाटीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या मातीस केंद्र शासनाने ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेद्वारे विशिष्ट प्रयोजनांपुरते गौण खनिज ठरवले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ (७) खाली गौण खनिजाच्या विनापरवाना उत्खननास व वाहतुकीस बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पायासाठी खणलेली माती त्याच भूखंडावर वापरल्यास प्रत्येक वेळी ही अधिसूचना लागू होईलच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात म्हटले. आपल्याच जागेतील उंचवट्याची माती आपल्याच खळग्यात वापरणे यामुळे कृषिदृष्ट्या जसे चांगले, तसे व्यवहारातही निर्धोक ठरते. माथेरानभोवतीचा संवेदनक्षम परिसर ४ फेब्रुवारी २००३ रोजी अधिसूचित झाला असून त्यात कर्जत व खालापूर तालुक्यांतील काही गावांचा भाग येतो. तेथे उतारांवरील विकासकामांवर वेगळे निर्बंध आहेत.

डोंगरपायथ्याच्या जागी सपाटीसाठी उतार कापणे सर्वांत जोखमीचे असते. कापलेल्या उताराचा पायथा सुटतो आणि संततधार पावसात वरची माती खाली येऊ शकते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड नैसर्गिक डोंगरउतारावरील होती, सपाटीकरणाशी तिचा संबंध नव्हता. पण येथील पाण्याने भरलेला उतार किती झपाट्याने सुटतो, हे तिने दाखवून दिले. उतार कापण्याऐवजी दगडी बांध घालून पायऱ्या करणे व त्यांमागे पाणी निचरून जाण्यासाठी छिद्रे ठेवणे हाच या भागातील जुना मार्ग आहे.

खळग्यात साचलेले पाणी आठवडाभर टिकल्यास त्यात डासांची एक पिढी पूर्ण होऊ शकते. पावसाळ्यात हा प्रश्न, तर उन्हाळ्यात त्याच्या उलट. एप्रिल-मेमध्ये हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे, तर एका गुंठ्याला रोज सुमारे ५०० लिटर लागतात. खोपोली व भिवपुरी येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा आणि पेज या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात व कर्जतमध्ये राजनाला कालव्यावर उन्हाळी भात होतो, परंतु हे पाणी नदीकाठापुरते असते. डोंगरावरील ठाकर व कातकरी वाड्यांना त्याच महिन्यांत टंचाई सोसावी लागते. असमान हिरवळीवर दिलेले पाणी उंचवट्यावरून ओघळून खळग्यात जमा होते. उंचवट्यावरचे गवत वाळलेले पाहून पाणी वाढवले जाते आणि ते पुन्हा खळग्यातच जाते. सपाटीकरणाने होणारी पाण्याची बचत येथे आहे.